साक्षीदार फितूर झाला म्हणजे केस गेली, असं कोण म्हणालं?

नमस्कार मंडळी. आज पंखा बंद आहे, कारण मागच्या वेळी "ताई, मागे घरघर ऐकू येते" अशा कॉमेंटचा पाऊस पडला होता. तेव्हा घाम पुसत पुसत बोलणार आहे, चालवून घ्या.

महिनाभर एकच प्रश्न येतोय. "तीन साक्षीदार फितूर", म्हणजे पोलिसांना सांगितलेलं त्यांनी कोर्टात फिरवलं, अशी बातमी आली की खाली लगेच सुरू होतं, "सरकारी वकील विकला गेला." परवा तर कोर्टाच्या मेट्रो स्टेशनात, सरकत्या जिन्यावर एका काकांनी गाठलं. "मॅडम, आमचा पंच फिरला. आता घरी बसायचं का?" पंच म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याला हजर राहून सही करणारा साक्षीदार. ते जिने लांबलचक आहेत, तरी वर पोहोचेपर्यंत माझं उत्तर संपलं नाही. म्हणून हा व्हिडिओ.

आधी प्राथमिक गोष्टी, भरभर. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो, फिर्यादी त्यात साक्षीदार. सरकारी वकील फिर्यादीचा खासगी वकील नाही आणि पोलिसांचा माणूसही नाही. एपीपी, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ते, पोलीस खात्याच्या ताब्यातून बाहेर काढा, हे सुप्रीम कोर्टाने 1995 साली आपल्या महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं. तुम्हाला स्वतःचा वकील लावता येतो, पण तो सरकारी वकिलाच्या हाताखाली काम करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देतो. यावर जुना व्हिडिओ आहे, तो बघा.

आता फितूर. हा शब्द वर्तमानपत्रांचा. 'होस्टाइल' आमच्या बाररूमचा. कलमात दोन्ही नाहीत! पूर्वी पुरावा कायद्याचं 154 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं 157 आहे. ते एवढंच म्हणतं की ज्याने साक्षीदार बोलावला त्यालाही, कोर्टाने परवानगी दिली तर, उलटतपासात विचारतात तसे प्रश्न विचारता येतील. एरवी सरतपासात, म्हणजे आपल्या साक्षीदाराला आपण पहिल्यांदा विचारतो तेव्हा, सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर दडलेलं असतं असे प्रश्न, विचारू देत नाहीत, म्हणून ही परवानगी. साक्ष कचऱ्यात टाका, असं तिथे कुठेही नाही. उलट 2006 पासून कायद्यातच लिहून ठेवलंय की अशा साक्षीच्या कुठल्याही भागाचा आधार घेता येतो. सुप्रीम कोर्ट तर 1976 पासून तेच सांगतंय.

मग केस पडते कुठे? परवानगी मिळाल्यानंतरच्या पाच मिनिटांत. "पोलिसांना असा जबाब दिला होता?" "नाही." "आरोपीला वाचवायला खोटं बोलताय?" "नाही." झालं, वकीलसाहेब खाली बसले. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती इथे.

जातेय कारण मीही हेच केलंय. सरकारी वकील म्हणून नोकरीचं पहिलं वर्ष, मारहाणीची केस. साक्षीदार फिरला. मी त्याला जबाबातलं नेमकं वाक्य दाखवलं, त्यावर 'पोर्शन मार्क ए', म्हणजे जबाबातल्या तेवढ्या भागाला 'ए' अशी खूण, करून घेतलं, तो नाही म्हणाला. मी खूश. पुढे तपास अधिकारी पिंजऱ्यात आले, मी घटनास्थळ विचारलं, अटक विचारली, मुद्देमाल विचारला. युक्तिवादाच्या दिवशी न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोर्शन मार्क ए सिद्ध कुठे झालाय?" त्या दिवशीचा डबा तसाच घरी परत आला.

पोलिसांनी घेतलेला जबाब हा पुरावा नाही. त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा नसते. साक्षीदार नाही म्हणाला की काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं तपास अधिकाऱ्याकडून करून घ्यायचं. "हे वाक्य त्याने मला सांगितलं आणि त्याने सांगितलं तसं मी लिहिलं," एवढं त्याच्या तोंडून आलं पाहिजे. नाही आलं, तर ते मार्क ए म्हणजे कागदावरची पेन्सिलची रेघ.

आता मी आरोपीच्या बाजूनेही उभी राहते, तर तिकडचं गुपितही सांगते. सरकार पक्षाचा साक्षीदार फिरला की आम्हाला हायसं वाटतं, पण खरा श्वास सुटतो तो तपास अधिकाऱ्याची साक्ष संपली आणि एपीपींनी तो प्रश्न विचारलाच नाही तेव्हा.

आणि न्यायाधीशांच्या खुर्चीतून बघा. सगळं नीट सिद्ध केलं तरी जबाबातलं ते वाक्य पुरावा बनत नाही. हा माणूस बोलणं बदलतोय, एवढंच त्यातून कळतं. मग चांगला सरकारी वकील काय करतो? जे साक्षीदार अजूनही कबूल करतोय ते गोळा करतो. पंचाचं ठरलेलं वाक्य असतं, "सही माझी, पण चौकीत कोऱ्या कागदावर घेतली." त्याच्यावर ओरडायचं नाही. त्या दिवशी तिथे होतात का? सोबत कोण होतं? वाचता येतं ना? कोऱ्या कागदावर सही घेतली म्हणून कुठे तक्रार केली? एकेक होकार, एकेक नकार लिहून घ्यायचा. शिवाय आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं. ते कोर्टात आलंय का, हे साक्षीच्या आदल्या दिवशी बघायचं. त्याच दिवशी सकाळी, लिफ्टसमोर, नाही.

दर व्हिडिओखाली एक कॉमेंट असतेच, "केस उज्ज्वल निकमांना द्या." अहो, विशेष सरकारी वकिलालाही हाच साक्षीदार आणि हाच तपास अधिकारी मिळतो. आणि निकमांचा विषय निघालाच आहे तर, कसाबने बिर्याणी मागितली ही गोष्ट आपणच रचली होती, हे त्यांनी 2015 साली जाहीरपणे सांगितलं. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट तयार होत होती, ती मोडायला, असं त्यांचं म्हणणं. खाली भांडणं होणार, होऊ द्या. माझं मत, सरकारी वकिलाने कोर्टाबाहेर कॅमेऱ्यासमोर रेकॉर्डवर नसलेलं अक्षरही बोलू नये. कसंही करून शिक्षा लावायची तहान सरकारी वकिलाला नसावी, हे सुप्रीम कोर्टाने 1999 च्या एका निकालात म्हटलंय.

साक्षीदार का फिरतात, यावर वेगळा व्हिडिओ करीन. दिवसाची मजुरी बुडवून सहाव्यांदा आलेला माणूस व्हरांड्यात आरोपीच्या भावाशेजारी, एकाच बाकावर बसतो. निदान दुसऱ्या बाकावर बसा, असं त्याला कोणीतरी सांगावं की नाही?

तर जिन्यावरचे काका, बघत असाल तर ऐका. पंच फिरला तरी पंचनामा ज्याने केला तो अधिकारी तो सिद्ध करू शकतो. त्यांची साक्ष अजून झाली नसेल तर आजच एपीपींना भेटा, जमलं तर दुपारच्या सुट्टीत, सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, चालू असतो. साक्ष झाली की नाही, एवढंच खाली लिहा. केस नंबर लिहू नका. मागे एकाने आरोपीच्या पत्त्यासकट सगळं टाकलं होतं, रात्री एक वाजता उठून डिलीट केलं मी.