टेमागामीच्या पोर्टेज वाटा

श्रोतेहो, नमस्कार. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात नॉर्थ बे शहराच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर टेमागामी नावाचा मुलूख आहे. तळी, नद्या, खडक आणि पाइनची दाट झाडी. टोरांटोच्या आसपास राहणारे तुमच्यापैकी काही जण उन्हाळ्यात कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद, हलकी होडी, घेऊन तिकडे जाऊनही आले असतील. त्या जलमार्गांविषयी आज बोलायचं आहे, कारण त्यांतले काही मार्ग कोणाच्या लक्षातही न येता मिटत चालले आहेत.

कनूचा प्रवास निम्मा पाण्यावरचा आणि निम्मा पायांवरचा. एक तळं संपलं की पुढच्या तळ्यापर्यंत, किंवा धबधब्याला वळसा घालून, कनू डोक्यावर पालथी घेऊन चालायचं. तिच्या मधल्या आडव्या दांडीचा भार दोन्ही खांद्यांवर येतो. समोरचं फारसं दिसत नाही, दिसते ती पायाखालची वाट. या वाटेला पोर्टेज म्हणतात. कितीतरी पिढ्यांच्या पायांनी ती मुळांमधून आणि शेवाळातून घळीसारखी खोल झालेली असते. काठावरच्या एखाद्या जुन्या झाडावर कुऱ्हाडीने साल तासून केलेली खूण असते. खुणेच्या कडेने नवी साल चढत आलेली असते, आणि नवखा माणूस ती खूण शोधत काठाकाठाने वल्हवत राहतो.

या वाटा पाडल्या त्या टेमे-ऑगामा अनिशिनाबे लोकांनी. या मुलखाला ते ‘न्डाकी मेनान’ म्हणतात आणि वाटांच्या जाळ्याला ‘नास्तावगन’. उन्हाळ्यातल्या कनूच्या वाटा वेगळ्या, हिवाळ्यात बर्फावरून चालायच्या वेगळ्या. शिकारीला, नातलगांकडे, व्यापाराच्या ठाण्यावर जायचं ते याच वाटांनी. क्रेग मॅक्डोनाल्ड या गृहस्थांनी अनेक वर्षं गावोगावच्या वृद्धांना भेटून, त्यांच्या भाषेत बोलून, या वाटा आणि त्यांवरची जुनी नावं गोळा केली. त्यांचा नकाशा १९८५ साली प्रांताच्या नैसर्गिक संपदा खात्याने छापला. ज्यांच्याकडून ही माहिती मिळाली ते बहुतेक जण आता हयात नाहीत. तो नकाशा वेळेत झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

टेमागामीचं नाव देशभर गाजलं ते एका रस्त्यामुळे. रेड स्क्विरल रोड लाकूडतोडीसाठी पुढे वाढवायचा होता. १९७३ साली टेमे-ऑगामा लोकांनी ११० टाउनशिपमधल्या, म्हणजे जमीन मोजणीच्या विभागांतल्या, सरकारी जमिनीवर आपला हक्क सांगणारी कायदेशीर नोंद करून जमिनीचे व्यवहार थोपवले होते. पुढे १९८८ मध्ये त्यांनी हा रस्ता अडवला. १९८९ च्या शरदात पर्यावरणवादीही रस्त्यावर बसले आणि बऱ्याच जणांना अटक झाली. त्यांत प्रांताचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते बॉब रे होते, आणि वर्षभराने तेच प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, झाले.

आता कोणी म्हणेल, सरकारी जमीन आहे, मग वाट अडवतंय कोण? खरंच, कागदावर कोणी अडवत नाही. कॅनडात राहणारा माणूस ऑन्टारियोतल्या बहुतेक सरकारी जमिनीवर एका जागी २१ दिवसांपर्यंत विनाशुल्क तंबू ठोकू शकतो. पण वाट बंद व्हायला मनाईच लागते असं नाही. लाकूडतोड झाली की फांद्या-बुंध्यांचा कचरा वाटेवर पडतो. ट्रकचा रस्ता तिला आडवा जातो. त्याच्या भरावापलीकडे वाट कुठे पुढे सुरू होते ते कळत नाही. दोन-तीन वादळांत झाडं आडवी होतात आणि ती कापायला कोणी येत नाही. मग माणसं दुसऱ्या मार्गाने जाऊ लागतात, आणि काही वर्षांत तिथे नुसतं रान उरतं. रस्ता झाल्यावर ओस पडलेल्या आपल्या सह्याद्रीतल्या घाटवाटा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९८३ साली इथे लेडी एव्हलिन-स्मूथवॉटर हे राखीव उद्यान झालं. ऑन्टारियोतलं सर्वांत उंच ठिकाण, ६९३ मीटरची इश्पाटिना रिज, त्यातच आहे. उद्यानातल्या वाटांना निदान कायद्याचं कवच आहे. उद्यानाबाहेरच्या वाटांचं काय, हा खरा प्रश्न आहे. तिथे लाकूडतोडीचे आराखडे बनतात आणि ते जनतेच्या अभिप्रायासाठी खुले असतात. आराखड्यात पोर्टेजची नोंद असेल तर तिच्या भोवती तोडीवर बंधनं घालता येतात. नोंद नसेल, तर झाडं पाडणाऱ्याला तिथे वाट आहे हे कळणार तरी कसं? म्हणून मला मोठ्या फलकांपेक्षा नोंदीचं आणि करवतीचं काम महत्त्वाचं वाटतं. फ्रेंड्स ऑफ टेमागामीचे स्वयंसेवक पडलेली झाडं कापून पोर्टेज मोकळ्या करतात. अशा कामाला जादा हात हवेच असतात.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. या वाटा सर्वांसाठी खुल्या राहाव्यात म्हणताना, त्या कोणाच्या आहेत हेही सांगायला हवं. कुठली वाट दुरुस्त करायची, कुठली जागा तशीच राहू द्यायची, हे टेमागामी तळ्यातल्या बेअर आयलंड या बेटावर राहणाऱ्या मूळ लोकांना विचारून ठरलं पाहिजे. जुनी नावं त्यांची आहेत, आणि नकाशावर तीच राहिली पाहिजेत.

या उन्हाळ्यात तिकडे जाणार असाल, तर सामानात एक घडीची करवत ठेवा. आडवं झाड कापता येण्याजोगं असेल तर कापा. नसेल तर पोर्टेजची दोन्ही टोकं, कोणत्या तळ्यातून कोणत्या तळ्यात, आणि अडथळा कुठे आहे, एवढं लिहून घ्या आणि परतल्यावर स्वयंसेवकांना कळवा. तुम्ही चाललात ती वाट त्या भागाच्या वन आराखड्यात दिसत नसेल, तर अभिप्रायाची मुदत संपायच्या आत तसं लेखी कळवा.