के-क्रिप्ट-डी : दोष थ्रेडचा की खालच्या ड्रायव्हरचा?

लिनक्स प्रणालीचे अद्ययावतीकरण पूर्ण झाले, यंत्र पुन्हा सुरू झाले, कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) डिस्कचा पासवर्डही नेहमीप्रमाणे स्वीकारला गेला. परंतु पहिली मोठी फाइल कॉपी करताना माउसचा बाण अडखळू लागला आणि पंख्याचा आवाज वाढला. पडद्यावरील ‘टॉप’ या आज्ञेच्या, चालू कामांच्या यादीत सर्वांत वर एकच नाव दिसते : के-क्रिप्ट-डी.

हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, स्वतःचा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारे काम) आहे. फाइल सिस्टिम आणि डिस्क यांच्यामध्ये बसलेला डीएम-क्रिप्ट हा थर प्रत्येक सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) लिहिताना कूटबद्ध करतो व वाचताना उलगडतो, आणि ते कष्टाचे काम या थ्रेडवर पडते. तो बंद करण्याचा मोह व्यर्थ आहे, कारण कर्नलच्या थ्रेडवर ‘किल’ आज्ञेची मात्रा चालत नाही.

मुळात भार दिसणे म्हणजे बिघाड नव्हे. २०११ मधील २.६.३८ या आवृत्तीपूर्वी एका कूटबद्ध डिस्कचे हे काम एकाच थ्रेडवर चाले. २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून ते प्रोसेसरच्या मोकळ्या असलेल्या कोणत्याही कोअरवर पसरू लागले. त्यामुळे फार जुन्या कर्नलवरून थेट नव्यावर उडी मारणाऱ्याला सगळे कोअर एकदम राबताना दिसले, तर ते अपेक्षितच आहे.

खरा प्रश्न असा की, हा थ्रेड कोणत्या ड्रायव्हरकडून, म्हणजे कर्नलच्या कोणत्या कोडकडून, एईएस या कूटबद्धीकरण पद्धतीचे गणित करून घेतो? इंटेलच्या प्रोसेसरांत २०१० पासून एईएस-एनआय या खास सूचना आल्या, आणि त्या वापरणारा ड्रायव्हर साध्या सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी वेगवान असतो. ‘प्रॉक’ या फोल्डरमधील ‘क्रिप्टो’ या फाइलीत नोंदलेले ड्रायव्हर व त्यांचे प्राधान्यक्रम वाचता येतात. गोम अशी की, निवड डिस्क उघडण्याच्या क्षणीच होते. नव्या कर्नलसोबत बनलेल्या इनिट-रॅम-एफएसमध्ये (यंत्र सुरू होताना आधी लोड होणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) वेगवान ड्रायव्हरचे मॉड्यूल आलेच नसेल, तर मूळ डिस्क मंद ड्रायव्हरवर उघडते आणि ते मॉड्यूल नंतर लोड झाले तरी उघडलेली डिस्क मंदच राहते. अशा वेळी इनिट-रॅम-एफएस पुन्हा बांधून यंत्र नव्याने सुरू करावे लागते. आभासी यंत्रात मात्र आधी ‘प्रॉक’मधीलच ‘सीपीयू-इन्फो’ फाइलीत एईएसचा उल्लेख आहे का ते पाहावे, कारण आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूईएमयूचा सर्वसाधारण प्रोसेसर तो पाहुण्या प्रणालीला दाखवतच नाही.

‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ ही आज्ञा केवळ स्मृतीत मोजमाप करते, डिस्कला हातही लावत नाही. ग्रब या बूटलोडरच्या यादीतून जुना कर्नल निवडून तीच आज्ञा पुन्हा चालवावी. दोन्हीकडे आकडे सारखेच आले आणि डिस्कही वेगवान ड्रायव्हरवरच उघडली असेल, तर गणित ठीक आहे आणि शोध डीएम-क्रिप्टची कामे जिथे वाट पाहतात त्या रांगांकडे वळवावा. ५.९ आवृत्तीत, क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या अभियंत्यांच्या कामातून, वाचनाची व लेखनाची रांग टाळण्याचे पर्याय आले. वेगवान एसएसडीवर ते उपयोगी पडू शकतात. फिरत्या डिस्कवर उलटण्याचीही शक्यता असते. म्हणून ‘क्रिप्टसेटअप रिफ्रेश’ने ते आधी तात्पुरते लावावेत, तीच मोठी फाइल पुन्हा कॉपी करून वेळ मोजावा, आणि फरक दिसला तरच लक्स-२ या कूटबद्ध डिस्कच्या स्वरूपाच्या हेडरमध्ये कायमचे नोंदवावेत.