कठड्यावरचा हात

श्रोतेहो, नमस्कार. मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात, आयसीयूमध्ये सिस्टर आहे.

लॅबमधून कल्चरचा, म्हणजे पेशंटला कोणता जंतू लागलाय आणि त्यावर कोणतं औषध चालेल हे सांगणारा, रिपोर्ट आला की माझी नजर आधी औषधांपुढच्या अक्षरांवर जाते. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे जंतू त्याला दाद देणार नाही. गेल्या पावसाळ्यात एका आजोबांचा रिपोर्ट हातात आला, तर वरपासून खालपर्यंत आर. मेरोपेनेम या ताकदवान अँटिबायोटिकपुढेसुद्धा. उरलं एक कोलिस्टिन, मूत्रपिंडाला जड जाणारं जुनं औषध. आजोबा आले होते खुब्याचं हाड मोडलं म्हणून. क्लेबसिएला नावाचा हा जंतू त्यांना आमच्याकडे लागला, हे सांगताना आजही घसा दाटतो.

हा जंतू औषधाचे तुकडे करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. ती विद्या तो एकट्याकडे ठेवत नाही, शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. त्याचा सोबती अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर पलंगाच्या कोरड्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर कित्येक दिवस तग धरतो. औषधांना न जुमानणाऱ्या अशा जंतूंनी २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं नेली. सर्दीला मनानेच अँटिबायोटिक घेऊ नका, पाकिटावरची लाल रेघ बघा, ती असली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे तर आहेच. पण मला बोलायचंय हातांबद्दल.

आजोबांची मुलगी वाशीहून रोज यायची. वडिलांच्या गालावरून हात फिरवायची आणि जाता जाता शेजारच्या काकूंच्या कठड्याला धरून, "आज बरं वाटतंय ना?" विचारायची. किती मायेनं! पण जंतूला एवढीच वाट पुरते. आमच्या हातांनीही तो तसाच फिरतो, विशेषतः रात्रपाळीत, एक सिस्टर आणि तीन पेशंट असतात तेव्हा.

बेडजवळच्या बाटलीतलं सॅनिटायझर तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं असं वीस-तीस सेकंद चोळलं की हे जंतू मरतात. औषधांना न बधणारेसुद्धा. आत जाताना चोळा, बाहेर पडताना चोळा. आणि आम्हालाही विचारा, "सिस्टर, हात चोळलेत?" राग येत नाही हो, खरंच.

आजोबांच्या पत्नी, आमच्या आजी, हे विचारायला आधी बुजायच्या. एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले, तेव्हा आजींनी बाटली उचलून पुढे धरली. "आधी हे घ्या, डॉक्टर."

डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे केले.