कार्ड पंच होण्याआधी

[पुलावरून : गाड्यांची रांग]
सकाळचे पावणेनऊ. वाकडचा पूल. हिंजवडी आयटी पार्क इथून हाकेच्या अंतरावर. पण आत पोचायला पाऊण तास धरून चला, पाऊस असेल तर विचारूच नका.

[बसची खिडकी : एक आयटी कर्मचारी]
मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन. हिची सकाळची मीटिंग सुरू झालीये. म्यूट काढते, दोन वाक्यं बोलते, मागून हॉर्न वाजतो, पुन्हा म्यूट. काम चालू आहे. हजेरी मात्र गेटवर कार्ड पंच केल्यावरच.

[शिवाजी चौक]
मार्च 2020 मध्ये हा चौक ओस पडला. इथली प्रोजेक्ट्स घरोघरच्या डायनिंग टेबलांवर गेली आणि तिथून चालूही राहिली. जुलै 2022 मध्ये केंद्राने एसईझेडच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, नियमांत 43अ हा नियम घातला : तिथल्या निम्म्या लोकांना घरून काम करायची मुभा. त्यानंतर बड्या कंपन्यांनी एकेक करत माणसं परत बोलावली. का, तर म्हणे घरून नीट काम होत नाही.

[नकाशा : शांघाय]
हे कुणीतरी मोजलंय. सीट्रिप ही चीनमधली प्रवास कंपनी. डिसेंबर 2010 पासून नऊ महिने, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कॉल सेंटरवर प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांतून निवड कशी? वाढदिवसाची तारीख सम असेल तर आठवड्यातले चार दिवस घरी, विषम असेल तर ऑफिसात. आपल्याकडच्या पार्किंगसारखंच! घरच्या गटाचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. त्यातली बरीचशी वाढ साधी होती : सुट्ट्या कमी, मधे उठणं कमी. उरलेली शांततेची, मिनिटाला जास्त कॉल. नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. बढत्यांमध्ये मात्र घरचे मागे पडले, आणि एकटेपणाला कंटाळून बरेच जण पुढे ऑफिसात परतले.

[बाल्कनी : टेबल, तुळस]
गुरुवार. हिचा घरून कामाचा एकमेव दिवस. कुकरच्या तीन शिट्ट्या, गॅस बंद, पावणेनऊला मीटिंग. आज म्यूट नाही.

[गेट, बाहेरून]
आत शूटिंगला परवानगी मिळाली नाही. म्हणून हे एवढंच : शुक्रवार, बस थांबते, ती उतरते, बॅगेतून कार्ड काढते. नऊ बावन्न.