दुसऱ्या गिअरमधला रस्ता

(दृश्य : हमरापूर, तालुका पेण. मूर्तींचा कारखाना. बाहेर धो धो पाऊस, पत्र्याखाली टेम्पो भरला जातोय.)

शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळलेली असते. तिला पाणी सोसत नाही, तसा हादराही सोसत नाही. आणि इथून ती बाहेर पडते नेमकी जुलै-ऑगस्टात, म्हणजे वरून पाणी आणि खालून हादरे अशा दिवसांत.

हौद्यात आधी पेंढा अंथरला जातो. दोन मूर्तींच्या मधे गोणपाट. सोंडेच्या टोकाला आणि उजव्या हाताच्या बोटांना जुन्या कपड्याची चिंधी. शेवटी केबिनमध्ये चढतो कारखान्यातला एक पोरगा. त्याच्या मांडीवर डबा आहे. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा, दोन ब्रश आणि अंगाच्या रंगाची बाटली.

हा पोरगा कशाला, असं आम्ही विचारलं. ड्रायव्हरकाका हसले. म्हणाले, "रस्त्यात बोट गेलं तर बसवायला."

(दृश्य : मुंबई-गोवा महामार्ग. काचेवर वायपर. गाडी सावकाश.)

पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायला २०११ साली सुरुवात झाली. त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर आता कॉलेजात आहे. मधल्या काळात ठेकेदार बदलले, मुदती बदलल्या, डांबराऐवजी काँक्रीट आलं. दर वर्षी गणपतीच्या तोंडावर पाहणी दौरा होतो आणि चाकरमानी यायच्या आत खड्डे बुजवा, असा आदेशही निघतो. त्याबद्दल बातम्यांतून इतकं येऊन गेलंय की आम्ही इथे थांबत नाही. आम्हाला पुढच्या फाट्यावरून आत वळायचंय.

(दृश्य : फाटा. गाडी तालुक्याच्या गावात शिरते. बाजारपेठ.)

या गावाचं नाव आम्ही घेत नाही. तुमच्या गावाचं घातलंत तरी चालेल.

काका गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालतात आणि बाजार संपेपर्यंत तिथेच ठेवतात. मेडिकलसमोर डावीकडे, बँकेपाशी पार उजवीकडे, शाळेच्या गेटजवळ जवळजवळ उभीच. खड्डे पाण्याने भरलेत, त्यामुळे खोली दिसत नाही. ती काकांना पाठ आहे.

(दृश्य : कॅमेरा खाली. एक खड्डा, जवळून.)

हा बघा. वरची कड काळी, म्हणजे डांबर. खाली मोकळी झालेली खडी. त्याच्याही खाली लालसर मुरूम. शेजारून एक एसटी गेली, तेव्हा बाजूच्या बारीक भेगेतून पांढरट गढूळ पाणी वर आलं. दिसलं? तो रस्ताच आहे. चाकाचा दाब पडला की भेगेत साठलेलं पाणी जोरात बाहेर फेकलं जातं आणि खालची माती घेऊन येतं. दहा चाकं गेली, शंभर गेली, आतून पोकळ झालं. मग एके रात्री वरचा पापुद्रा बसतो आणि सकाळी लोक म्हणतात, पावसाने खड्डा पडला.

पाऊस कोकणाला नवा नाही. ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतोच. प्रश्न हा, की पडलेलं पाणी जातं कुठे? रस्ता मधे थोडा उंच आणि कडेला उतरता असतो तो त्यासाठीच. इथे गटार आहे, छान सिमेंटचं आहे. पण त्याची झाकणं रस्त्यापेक्षा चार बोटं वर! दर पाच-सात वर्षांनी दुकानांचे ओटे उंच होतात, मग गटार उंच होतं, आणि रस्ता मधल्या मधे पन्हळ बनतो. त्यात भर नळाच्या पाइपसाठी खणलेल्या आडव्या चराची. चर बुजवताना मुरूम टाकला, दाबला नाही. पहिल्या पावसात तो खचला.

(दृश्य : दोन मजूर, एक ट्रॅक्टर, घमेली.)

आणि ही दुरुस्ती. खड्ड्यातलं पाणी तसंच आहे. त्यात दोन घमेली खडी, वर ग्रिट, फावड्याची पाठ मारली, झालं. मजुरांना बोल लावण्यात अर्थ नाही, त्यांना दिलंय तेवढंच ते टाकतात. खड्डा चौकोनी कापायचा, कडा सरळ उभ्या करायच्या, आतलं सगळं सुटं काढून कोरडा करायचा, डांबराचा हात मारायचा, मग थर देऊन रोलर फिरवायचा, ही पद्धत काही गुपित नाही. भर पावसात गरम डांबर बसत नाही, हेही खरं. म्हणून तर ते काम मे महिन्यात करायचं असतं. मे महिन्यात टेंडर निघालेलं नसतं.

ही खडी दोन दिवसांत रस्ताभर पसरेल. तिच्यावरून स्कूटर घसरते ती वेगळीच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशभरात खड्ड्यांमुळे १,८५६ माणसं गेल्याची नोंद आहे. नोंद, म्हणजे जिथे कागदावर 'खड्डा' हा शब्द आला तिथली. चालकाचा ताबा सुटला, एवढंच लिहिलं की खड्डा सुटला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा हिशोब पैशात मांडला. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. खड्डा कळल्यापासून ४८ तासांत हालचाल. आणि भरपाईचा पैसा जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल. निकाल चोख आहे. पण त्या दारापर्यंत पोचायला आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : रस्ता कोणाचा?

आम्ही काकांसोबत मोजलं. कारखान्याबाहेरचा रस्ता जिल्हा परिषदेचा. मग महामार्ग, तो केंद्राचा. फाट्यापासून कमानीपर्यंत सार्वजनिक बांधकाम विभाग. कमानीपासून आत नगरपरिषद. आणि बरोबर कमानीखाली, जिथे एकाचं डांबर संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, तिथे या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा खड्डा. तिथे फलक आहे, 'सुस्वागतम्'. रस्ता कोणाचा ते सांगणारा फलक नाही.

(दृश्य : कमान. पुढचं चाक खड्ड्यात उतरतं. धप्प. गाडी थांबते.)

कोणी काही बोलत नाही. काका मागे जाऊन ताडपत्रीची दोरी सोडतात. पोरगा डबा घेऊन हौद्यात चढतो, एकेका मूर्तीची चिंधी सोडवून बघतो. तिसऱ्या मूर्तीपाशी थांबतो. आशीर्वादाच्या हाताची करंगळी पेंढ्यात पडलीय.

तो डब्यातून गोळा काढतो, चिमूटभर माती ओल्या बोटाने मळतो. मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय. काका त्याला हाताने खूण करतात : उजवीकडून घे, डावीकडे खोल आहे.