मक्याच्या कण्या, वर लसणीचा जवळा

(लालबाग. पिठाची गिरणी. सकाळ.)

गिरणीवाल्याला आधीच बजावून सांगावं लागतं, पीठ नको, भरडून द्या. तो पाटे जरा सैल करतो आणि वाळलेला पिवळा मका वरून ओततो.

घरून निघण्यापूर्वी मक्यावर पाण्याचा हबका मारून तो थोडा वेळ फडक्यात झाकून ठेवलेला असतो. त्याने वरचं साल सुटतं आणि सुपात पाखडताना कोंडा उडून जातो. मग चाळणी. खाली पडलेलं पीठ भाकरीला, वर राहिल्या त्या कण्या. टपोऱ्या, खरखरीत, पिवळ्याधमक. दुकानात मिळणारा मक्याचा बारीक रवा पटकन शिजतो, घाईच्या सकाळी तो सोयीचाही आहे. पण दाताखाली कण लागण्याचं सुख हवं असेल, तर गिरणीची ही खेप घालायलाच हवी.

(चाळीतलं स्वयंपाकघर.)

मावशींचं माहेर साताऱ्याकडचं, सासर मालवणातलं. गिरणगावात अशी घरं नवलाची नाहीत. घाटावरून आणि कोकणातून आलेले कापडगिरण्यांचे कामगार एकाच मजल्यावर राहिले, भरलेल्या वाट्या या दारातून त्या दारात गेल्या. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, वाट्यांची ये-जा मात्र चालू राहिली. माहेरी कण्या ताकात कालवून खायच्या. या घरात त्यांच्यावर जवळा, म्हणजे कोळंबीसारखी बारीक सुकी मासळी, पडतो.

जाड बुडाच्या पातेल्यात आधण ठेवलंय. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, बाजूच्या शेगडीवर आणखी वाटीभर गरम पाणी हाताशी. मीठ आधणातच. नंतर घातलेलं मीठ कणाच्या आत पोचत नाही, वरवर राहतं. कण्या तासभर भिजवून ठेवल्या होत्या, आता एका हाताने वैरायच्या आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. सून जरा मागे वळली, तर मावशी लगेच म्हणतात, “अगं, हात थांबवू नकोस, खाली लागेल.”

पहिली पाच-सात मिनिटं नुसतं पिवळं पाणी दिसतं. मग कणातला स्टार्च पाणी पिऊन फुगू लागतो, पातेलं रटरटायला लागतं आणि गरम थेंब मनगटावर उडतात. इथे आच अगदी मंद करायची, झाकण ठेवायचं आणि दर चार मिनिटांनी तळापासून हलवायचं. जाड भरडीला पाऊण तास लागतो. घट्ट वाटलं म्हणजे शिजलं, असं मुळीच नाही. कण बोटात दाबून पाहायचा. मधे कच्चा ठिपका लागला, तर पळीभर गरम पाणी आणि आणखी थोडा वेळ. शेवटी चमचाभर तूप.

(तव्यावर जवळा.)

पावसाळ्यात, जून-जुलैमध्ये, यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत सुका जवळा हवाच. तो निवडून, कोरडा भाजून, हाताने चोळून, झटकन धुऊन पिळून घेतलाय. तेलात ठेचलेली लसूण, लसणीची कड तांबूस झाली की भरपूर कांदा, हळद, मालवणी मसाला, मग जवळा, दोन आमसुलं. पाण्याचा शिपका मारून एक वाफ. वर कोथिंबीर.

मऊ, गोडसर कण्यांना असंच काहीतरी खारट, आंबट, झणझणीत लागतं. आणि ही सोबत जिभेपुरती नाही. मक्यात नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं, पण ते बांधलेलं, शरीराला सहज न मिळणारं. मेक्सिकोत, जिथे मका पहिल्यांदा पिकवला गेला, तिथे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि ते नायसिन मोकळं होतं. जिथे मका गेला पण चुना गेला नाही, तिथे निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसं नेली. १९१४ साली त्याच्या तपासावर नेमलेले डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं, की हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे. दूध, अंडी, मांस, डाळी ताटात आल्या की माणसं बरी होत. आपण जवळा, ताक, वरण किंवा शेंगदाणे घेतो, ते हीच उणीव भरून काढतात. म्हणून कण्या नुसत्या वाढू नयेत, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

त्याच अमेरिकी दक्षिणेत, साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, कोळंबी आणि मक्याच्या कण्या ही मच्छीमारांची न्याहारी होती. आज ती तिथल्या मोठ्या हॉटेलांत मिळते.

श्रावणात जवळ्याला सुट्टी. तेव्हा लसूण-सुक्या मिरचीची फोडणी, पातीचा कांदा, मूठभर मेथी आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट. नातवंडांना किसलेलं चीज आणि मिरपूड आवडते, तेही छान जमतं.

उरलेल्या कण्या गरम असतानाच तूप लावलेल्या ताटात थापायच्या. रात्रभर त्या घट्ट होतात. सकाळी वड्या पाडून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस परतायच्या. डब्यालाही चालतात, लसणाची चटणी मात्र वेगळ्या पुडीत द्यायची.