लाल जर्सीवरचा पांढरा आकडा

(दृश्य : रात्रीचं मैदान, हॅलोजनचा उजेड. लाल जर्सीतले सात खेळाडू मॅटवर उतरतात.)

आमच्या गावच्या कबड्डी संघाने पहिल्यांदा स्वतःच्या जर्सी करून घेतल्या, त्या लाल होत्या. पाठीवर पांढरे आकडे. स्पर्धा शनिवारी होती. बुधवारी जर्सी हातात आल्या तेव्हा आकडे पांढरेशुभ्र होते. शनिवारी पिशवी उघडली, तर सगळे गुलाबी. कुणी त्या धुतल्या नव्हत्या, अंगातही घातल्या नव्हत्या. बंद पिशवीत, घडीतल्या घडीत रंग बदलला होता. वर्गणी काढून केलेल्या जर्सी, तशाच घालून खेळलो. छापणाऱ्याने हलका रंग वापरून फसवलं, हे मात्र मनात पक्कं बसलं. रंग इंकमधून गेला नव्हता, कापडातून वर आला होता, हे कळायला पुष्कळ वर्षं लागली.

(दृश्य : डॉट निट कापड अगदी जवळून. बारीक छिद्रं. पाण्याचा एक थेंब पडतो आणि पसरत जातो.)

बाजारात याला डॉट निट म्हणतात, कुणी ड्राय फिट म्हणतं. धागा पॉलिस्टरचा. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम सुती कापड साधारण ८ ग्रॅम पाणी स्वतःत धरून ठेवतं. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणून सुती बनियान घामाने जड होऊन पाठीला चिकटतो आणि ही जर्सी हलकीच राहते. पण घाम जातो कुठे? धाग्यात पुष्कळ बारीक तंतू असतात. समईची वात तेल वर ओढते, तसा तंतूंच्या मधल्या फटींतून घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला ओढला जातो, पसरतो आणि वाऱ्यावर उडून जातो. तंतूच्या आत तो शिरतच नाही.

पाणी शिरत नाही, तर मग रंग कसा शिरतो? या प्रश्नाच्या उत्तरातच आमचे गुलाबी आकडे आहेत.

पॉलिस्टर रंगवायला डिस्पर्स जातीचे रंग लागतात. बंद यंत्रात, दाबाखाली, पाणी १३० अंशांपर्यंत तापवतात. त्या उष्णतेने तंतू सैल होतो आणि रंगाचे कण आत घुसतात. कापड थंड झालं की तंतू पुन्हा घट्ट होतो, कण आत अडकून राहतात. अडकतात एवढंच. तंतूशी त्यांची रासायनिक गाठ पडलेली नसते. पुन्हा तशीच उष्णता मिळाली की ते सुटतात, वाफ होऊन बाहेर पडतात.

आणि छपाईत नेमकी तीच उष्णता द्यावी लागते.

(दृश्य : पत्र्याच्या शेडमधला छोटा छपाई कारखाना. भिंतीला टेकवलेल्या फ्रेम्स. एक ताई फ्रेम उजेडासमोर धरून तपासतात.)

हा कारखाना दोन माणसांचा. ताई छापतात, एक मुलगा जर्सी लावतो आणि उचलतो. लाकडी फ्रेमवर ताणलेली पॉलिस्टरची जाळी, तिच्यावर इमल्शनचा थर. आकड्याची काळी फिल्म ठेवून वरून उजेड दिला की बाकीचा थर कडक होतो. फिल्मखालचा कच्चा राहतो आणि पाण्याने धुऊन निघतो. तिथे जाळी उघडी पडते आणि तेवढ्यातूनच इंक खाली कापडावर उतरते. सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये मँचेस्टरला रेशमी जाळीतून छपाईचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना आजही तीच आहे, रेशीम तेवढं गेलं.

पॉलिस्टरही मँचेस्टरशीच जोडलेलं. १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी या धाग्याचा शोध लावला, तेव्हा ते कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये नोकरीला होते. म्हणजे कापड छापणाऱ्यांच्याच कंपनीत. छपाईवाल्यांना सगळ्यात जास्त घाम फोडणारं कापड त्यांच्याच घरात जन्मलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

(दृश्य : ताई इंक ढवळतात. स्क्वीजीचा, म्हणजे इंक जाळीतून दाबणाऱ्या रबरी पट्टीचा, एक हात. लाल कापडावर आकडा उमटतो, पण करडा.)

टी-शर्टवर बहुतेक ठिकाणी प्लास्टिसोल इंक चालते. पीव्हीसीची बारीक पूड आणि तेलासारखा एक पातळ पदार्थ यांचं हे मिश्रण. हवेत ते वाळत नाही, उष्णतेनेच पक्कं होतं. सुती कापडावरच्या नेहमीच्या प्लास्टिसोलला साधारण १६० अंश लागतात. लाल पॉलिस्टरमधला रंग त्याच्या कितीतरी आधी सुटायला लागतो. वर इंकमधला तो तेलकट पदार्थ या रंगाला आनंदाने सामावून घेतो. त्यामुळे भट्टीतून बाहेर आल्यावरही रंग वर चढत राहतो. कधी काही तास, कधी काही दिवस. आमच्या जर्सीला बुधवार ते शनिवार लागले. छापणाऱ्याने देताना आकडे पांढरेच दिले होते.

आता ताईंनी लालवर आधी करडा आकडा का छापला, ते कळेल. हा ब्लॉकर. त्यात कार्बन असतो, तो वर येणारा रंग धरून ठेवतो. त्याच्यावर फ्लॅश मारायचा, म्हणजे तापलेली पट्टी काही सेकंद वर आणून थर हाताला चिकटणार नाही इतपतच सुकवायचा. मग पांढऱ्याचा हात. पांढरी इंकही कमी उष्णतेवर पक्की होणारी, १३० ते १४० अंशांच्या आसपासची. महाग असते. गिऱ्हाईकाला दोन्ही डब्यांतली पांढरी सारखीच दिसते, त्यामुळे भाव सांगताना ताईंना दर वेळी हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

(दृश्य : भट्टीचा पट्टा सरकतोय. ताई तापमान मोजायची गन इंकवर रोखतात, पट्ट्याचा वेग किंचित वाढवतात.)

खरी कारागिरी इथे आहे. उष्णता जास्त झाली तर रंग वर येणार. कमी झाली तर इंकचा थर आतून कच्चा राहणार आणि दोन-तीन धुण्यांत आकड्याला तडे जाणार. या दोन चुकांच्या मध्ये जागा जेमतेम दहा-पंधरा अंशांची. त्यातही गन फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, खालचं नाही. म्हणून ताई पहिली जर्सी गार झाल्यावर दोन्ही हातांनी ताणून बघतात. आकडा रबरासारखा लांबून परत जागेवर आला, तरच पुढची लावायची.

मुलगा विचारतो, “ताई, घड्या घालू का?”

“नको रे, कोमट आहेत अजून. दोरीवर टाक आधी.”

गरम जर्सी एकावर एक रचल्या की ढिगाच्या पोटात ऊब तासन्‌तास राहते आणि भट्टीत सांभाळलेलं सगळं तिथे वाया जातं. आमच्या गावच्या जर्सी बहुधा अशाच गरम-गरम पिशवीत भरल्या गेल्या असणार. आम्हीच दारात उभे होतो, लवकर द्या म्हणून.

(दृश्य : भिंतीवर एका लाल जर्सीचा तुकडा टांगलेला. त्यावर तारीख लिहिली आहे.)

नवीन कापड आलं की ताई आधी एक तुकडा छापतात आणि तीन दिवस टांगून ठेवतात. एकाच लालच्या दोन ताग्यांत फरक निघतो, रंगवणाऱ्याने कुठला रंग वापरला हे छापणाऱ्याला कुणी सांगत नाही. लाल, मरून आणि काळा, हे तिघे जास्त त्रास देणारे. आणि मंडळांना नेमके तेच हवे असतात! तीन दिवसांची मुदत मागितली की अर्धी गिऱ्हाइकं दुसरं दुकान बघतात.

एक गोष्ट मला गिऱ्हाईक म्हणूनच सांगायची आहे. छातीवर पुरस्कर्त्याच्या नावाचा भरीव चौकोन छापून घेऊ नका. प्लास्टिसोल म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा. त्याच्याखाली छिद्रं बुजतात, घाम तिथेच साचतो. ज्यासाठी हे कापड घेतलं, तेच त्या चौकोनात बंद पडतं. नाव मोकळ्या अक्षरांत छापा, आकड्याच्या पोटात बारीक छिद्रांची नक्षी ठेवा. ताई असं सुचवतात; माझी विनंती आहे की त्यांचं ऐका.

आता बरेच संघ सब्लिमेशनकडे गेले आहेत. त्यात पांढऱ्या कापडाचे तुकडे घेऊन कागदावरचा रंग दोनशे अंशांच्या आसपास वाफ करून आत घालतात. जो स्वभाव ताईंना छळतो, तोच तिथे कामाला लावलेला. छिद्रं बुजत नाहीत, हाताला काही लागत नाही, ही पद्धत खरोखर चांगली आहे. पण त्यात पांढरा रंग छापता येत नाही. तयार लाल जर्सीवर उद्या-परवा बारा पांढरे आकडे हवे असतील, तर माणसं अजूनही या शेडमध्ये येतात.

(दृश्य : मुलगा हातमोजे घालून फ्रेम धुतो. पाणी पिंपात जमा होतंय.)

हे हातमोजे मुद्दाम दाखवतोय. पुष्कळ छोट्या कारखान्यांत इमल्शन उजेडाने कडक व्हावं म्हणून त्यात अजून बायक्रोमेट हे रसायन मिसळतात. स्वस्त पडतं म्हणून. त्यातलं क्रोमियम कातडीला जखमा करतं आणि कर्करोगाला कारण ठरतं. कितीतरी पोरं ते उघड्या हातांनी धुतात आणि पाणी गटारात सोडतात. बायक्रोमेटशिवायचं तयार इमल्शन मिळतं. ताईंनी ते वापरायला सुरुवात केली आहे.

(दृश्य : पुन्हा मैदान. चढाई. मध्यरेषेजवळ पकड.)

कबड्डीत कपडा धरणं नियमात बसत नाही. पण चढाईवाल्यावर पाच जण तुटून पडले की जर्सी ओढली जातेच. बघा, सात नंबर मॅटवर आडवा झालाय, पाठीवरचा आकडा पार तिरका ताणला गेलाय. त्याचा हात मध्यरेषेच्या पलीकडे पोचला. शिट्टी झाली. तो उठून उभा राहतो, जर्सी खाली ओढतो. गुणलेखक लांबून आकडा वाचतो आणि सातच्या पुढे गुण मांडतो.

छापून आज अकरावा दिवस. आकडा पांढरा आहे.